पाणी कुठे मुरते?

सेप्टिक टाकी काम अर्धेच करते. मैला तळाशी बसतो, हवेशिवाय जगणारे जिवाणू तो कुजवतात आणि जेवढे पाणी आत येते तेवढेच दुसऱ्या तोंडाने बाहेर पडते. हे पाणी वरवर नितळ दिसले तरी रोगजंतूंनी भरलेले असते. उरलेली शुद्धी जमिनीने करायची. मातीतून ते सावकाश झिरपले, तरच जंतू अडकतात आणि मरतात. म्हणून नव्या घराच्या नकाशात टाकीची लांबी-रुंदी पाहण्याआधी शोषखड्डा कोणत्या मातीत पडणार, हे पाहायचे असते.

कोल्हापूर जिल्ह्यात ही माती दर काही कोसांवर बदलते. पन्हाळा, शाहूवाडीकडे जांभा आणि तांबडी माती, मधल्या माळांवर मुरूम आणि त्याखाली काळा कातळ, पंचगंगेकाठी खोल गाळ, हातकणंगले-शिरोळकडे काळी चिकण जमीन. तरीही आराखडा मात्र सगळीकडे एकच फिरतो.

आयएस २४७० या भारतीय मानकाच्या दुसऱ्या भागात पाझर चाचणी दिली आहे. १० ते ३० सेंटिमीटर रुंदीचा खड्डा, सांडपाणी मुरवण्यासाठी नियोजित शोषचर जेवढा खोल तेवढा खणतात. हत्याराने गुळगुळीत झालेल्या बाजू खरवडतात, तळाशी ५ सेंटिमीटर खडी टाकून त्यावर ३० सेंटिमीटर पाणी भरतात. मोजणी दुसऱ्या दिवशी होते. पाणी २५ मिलिमीटर उतरायला ३० मिनिटांपर्यंत लागली, तर शोषखड्डा किंवा शोषचर चालतो. ३० ते ६० मिनिटे लागली, तर फक्त शोषचर. त्याहून जास्त लागली, तर जमिनीचा नाद सोडून जैविक गाळणीकडे वळावे. याच दरावरून जागेचाही हिशेब निघतो. दर २५ मिनिटे असेल तर एक चौरस मीटर दिवसाला जेमतेम ४० लिटर पाणी पचवतो, ६० मिनिटे असेल तर २६ लिटर. रोज ५०० लिटर सांडपाणी सोडणाऱ्या घराला पहिल्या जमिनीत १२ चौरस मीटरहून जास्त, तर दुसऱ्या जमिनीत १९ चौरस मीटर शोषक पृष्ठभाग लागतो.

आदल्या दिवशी खड्डा भरून ठेवण्याची पायरी घाईत गाळली जाते आणि काळ्या रानात नेमकी तीच निर्णायक असते. मे महिन्यात या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ओतलेली पहिली बादली बघता बघता गडप होते आणि गवंडी खूश होतो. रात्रभरात चिकणमाती फुगते, भेगा मिटतात आणि सकाळी पाणी होते तिथेच उभे असते. शिरोळ भागातल्या चोपण जमिनीत सोडियममुळे मातीचे कण सुटे होऊन छिद्रे बुजतात. साचलेले पाणी काढण्यासाठी तिथे उसाच्या रानाखाली सच्छिद्र पाइप घालावे लागले आहेत. अशा जमिनीकडून सांडपाणी पिण्याची अपेक्षा ठेवणे चूकच.

दुसरा प्रश्न भूजलाचा. उन्हाळ्यात कोरड्या दिसणाऱ्या खड्ड्याच्या भिंतीवर निळसर-करड्या मातीत तांबूस ठिपके असतील, तर पावसाळ्यात पाणी तिथवर चढते असे समजावे. शेजारच्या विहिरीचे श्रावणातले पाणीही विचारून घ्यावे. ते जमिनीपासून १.८ मीटरच्या आत येत असेल, तर खड्डा बाद. चर घ्यायचाच तर भराव घालून वर उचलावा लागतो. पूररेषेतल्या प्लॉटवर त्याचाही उपयोग नाही. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट, तर २०१९ आणि २०२१ च्या पुरात पाणी ५५ फुटांच्या वर गेले होते.

फार झपाट्याने मुरणारी जमीनही तितकीच वाईट, पण तिच्याबद्दल तक्रार कोणी करत नाही. जांभ्याच्या पोकळ्यांतून किंवा कातळाच्या भेगांतून पाणी न गाळताच खालच्या झऱ्यात जाते. भेगाळ खडकात असे शोषण मानकालाही मान्य नाही. पिण्याच्या विहिरीपासून किमान १८ मीटर अंतराची अट आहेच, पण भेग कुठे निघते हे टेपने मोजता येत नाही. अशा ठिकाणी बंद टाकी आणि उपसणारी गाडी हाच मार्ग, खर्चिक असला तरी.

घर बांधणाऱ्याने पाझर चाचणीचा अहवाल मागून घ्यावा. त्यावर चाचणीचा महिना आणि खड्डा आदल्या दिवशी भरल्याची नोंद नसेल, तर तो परत पाठवावा.