मांड

साठी उलटल्यावर मीं हिंगणघाटास वणा नदीच्या कांठीं पुन्हां घोड्यावर बसण्याचा परिपाठ ठेविला. ह्या वयांत पडल्यास हाड सांधणें दुर्घट, ही घरच्यांची भीति रास्तच. म्हणूनच मांड सुधारणें अगत्याचें झालें.

घोडा वांकडा चालला कीं आपण लगाम खेंचतों. पण पुष्कळदां वांकडेपणा स्वाराच्या बैठकींत असतो. मोतद्दाराच्या हातीं दोर देऊन, खांदा, कंबर व टांच एका ओळंब्यांत ठेवून, रिकिबीवांचून संथ चालीनें बसावें. म्हणजे तोल लगामावर न राहतां स्वतःच्या अंगीं मुरतो. कठोपनिषदांत इंद्रियांस घोडे व मनास लगाम म्हटलें आहे. परंतु लगाम धरणारा हात स्थिर राहण्यास आधीं बैठक स्थिर हवी.

मराठेशाहींत शिलेदाराचा घोडा स्वतःचा असे, बारगिराचा सरकारी. मांड मात्र ज्याची त्यालाच कमवावी लागे.