पान्हा पिशवीत असेपर्यंत

नारायण पेठेत माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, पुस्तकं, संस्थांचे अहवाल, प्रबंध. जुन्या बिलबुकांच्या कोऱ्या पाठीवर मी अधूनमधून काहीबाही लिहून ठेवते. त्यातली ही काही टिपणं. बहुतेक सगळी भाव करण्याबद्दलच निघाली.

*

"एकच तर ओळ आहे," गृहस्थ म्हणाले. पत्रिकेची प्रुफं त्यांनी दोनदा वाचून, सही करून दिली होती. प्लेट काढून झाली आणि मग नवरीच्या धाकट्या मामांचं नाव राहिल्याचं कळलं. मामा रुसले होते. ओळ टाइप करायला मला अर्धं मिनिटही लागलं नाही. पण मामा आले म्हणून आहेराबद्दलची ओळ चौकटीबाहेर गेली, ती आत घ्यायला खालचा सगळा मजकूर हलवावा लागला. मग नवी पीडीएफ, त्यांना पुन्हा प्रूफ, प्रेसला फोन. नव्या प्लेटचे पैसे त्यांनी लगेच कबूल केले. प्लेट हातात धरता येते. माझ्या शंभर रुपयांवर मात्र त्यांनी विचारलं, "हे कशाचे?"

*

त्याच आठवड्यात घरी सिंकखालचा पाइप गळायला लागला. प्लंबर आला, ओट्याखाली आडवा झाला, जुना वॉशर काढला, दोऱ्याचे चार वेढे दिले, नट आवळला, खाली कागद पसरून तो कोरडा राहतोय ना हे बघितलं. दहा मिनिटं. म्हणाला, "चारशे."

"दहा मिनिटांचे चारशे?" हे मी म्हटलं. मामांच्या ओळीचे शंभर मागणारी मीच.

तो शांतपणे म्हणाला, "दहा मिनिटं नळाला लागली, ताई. वारज्याहून यायला पाऊण तास लागला. सकाळी एक चक्कर फुकट गेली, त्या घराला कुलूप होतं."

मी साडेतीनशे पुढे केले. त्याने घेतले आणि न मोजता खिशात टाकले. पान्हा पिशवीत भरताना माझ्याकडे बघितलं नाही.

*

मंडईत कोथिंबिरीची जुडी संध्याकाळी निम्म्या भावात जाते, कारण उद्या ती पिवळी पडणार. काम विकणाऱ्याचा माल त्याहून नाशवंत. न्हाव्याची रिकामी गेलेली दुपार संध्याकाळपर्यंतसुद्धा टिकत नाही. त्यामुळे हंगाम नसला की असा माणूस लवकर नमतो, आणि गिऱ्हाइकाला ते बरोबर ठाऊक असतं. पितृपक्षात पत्रिका छापल्या जात नाहीत. त्या पंधरवड्यात माझे दर उतरलेले असतात, असं लोक मला येऊन सांगतात.

*

पाकीटबंद मालावर कमाल किरकोळ किंमत छापणं कायद्याने बंधनकारक आहे. कमाल म्हणजे त्याहून जास्त घ्यायचे नाहीत. कमी मागायला कोणाची हरकत नाही. तरी मॉलमध्ये शाम्पूच्या बाटलीचा भाव करणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. मुंबईत फेब्रुवारी २०२५पासून रिक्षाचं पहिल्या दीड किलोमीटरचं भाडं २६ रुपये झालं. लोकांनी सरकारला नावं ठेवली, पण मीटरशी कोणी घासाघीस केली नाही.

छापील आकड्यापुढे आपण मुकाट असतो. तोंडी आकडा सांगणारा भेटला की आपण त्याच्या चपलांकडे बघतो आणि मग किती खाली आणायचं ते ठरवतो.

*

दुसरी बाजूही लिहायला हवी. सोसायटीचं नाव ऐकून भाव सांगणारे कारागीर आहेतच. तोच पंखा, तोच कपॅसिटर, चाळीत दोनशे आणि टॉवरमध्ये सहाशे. लिफ्टने गेलं म्हणून काही पंखा जड होत नाही.

गुरांच्या बाजारात आणि जुन्या मार्केट यार्डांत 'हत्ता' पद्धत होती. रुमालाखाली हात घालायचा, बोटं दाबून आकडा सांगायचा. ज्याचा माल, त्या शेतकऱ्यालाच शेजारी उभं राहून भाव कळत नसे. बाजार समित्यांच्या कायद्यांनी उघड लिलाव आणला तो याच कारणाने. फ्लॅट बघून ठरलेला भाव म्हणजे रुमालाखालचीच बोटं.

सतराव्या शतकात इंग्लंडमधल्या क्वेकर पंथाच्या दुकानदारांनी भाव न करता एकच किंमत सांगायचं ठरवलं. घेणार तेवढेच मागायचे, जास्त मागून मग खाली उतरणं म्हणजे खोटं बोलणं, अशी त्यांची धारणा. आधी गिऱ्हाइकं बिचकली. मग त्यांच्या ध्यानात आलं की या दुकानात लहान पोराला पाठवलं तरी मोठ्या माणसाइतकेच पैसे पडतात. आपल्याकडे 'एकच भाव' ही पाटी अनेकदा तिरसटपणाची खूण समजली जाते. मला तरी ती पोराला पाठवता येईल अशा दुकानाची पाटी वाटते.

*

सुतार, गवंडी, रंगारी यांच्याशी बोलताना पहिला प्रश्न असतो, "उक्तं की रोजावर?" रोजावर म्हणजे दिवसाची मजुरी. काम लांबलं तर भुर्दंड मालकाला. उक्तं म्हणजे सगळ्या कामाचे मिळून ठरलेले पैसे. लांबलं तर सोसायचं कारागिराने. खरा सौदा इथे पैशांचा नसतोच. भिंत आतून भुसभुशीत निघाली तर ते कोणाच्या अंगावर पडणार, एवढंच ठरत असतं.

अप्रामाणिकपणा सुरू होतो तो दोन्ही बाजूंनी फायदा घ्यायचा म्हटलं की. भाव उक्ता ठरवायचा आणि चौथ्या दिवशी म्हणायचं, "जाता जाता तेवढा बाल्कनीचा दरवाजाही घासून द्या." कारागीरही कमी नसतात. उक्तं घेतात, निम्मे पैसे उचलतात आणि दुसऱ्या साइटवर जाऊन बसतात.

*

दुकानात ऐकलेली वाक्यं, आणि मनातल्या मनात दिलेली उत्तरं.

"पुढं भरपूर काम आहे, आत्ता कमी करा." पुढचं काम आलं की तेव्हा कमी करू.

"तुमची जाहिरात होईल." स्वस्तातली अशी जाहिरात होईल, आणि मग येणारा प्रत्येक जण तेवढ्यातच मागेल.

"घरचंच समजा." घरच्यांची कामं मी रात्री दहानंतर करते.

"वरचे सोडा हो, राउंड फिगर करा." राउंड फिगर दर वेळी खालीच का होते?

"माझा भाचा कॉम्प्युटर शिकलाय, तो फुकट करून देतो." द्या त्याच्याकडे. हे उत्तर एकदा मी मोठ्याने दिलं. पंधरा दिवसांनी भाच्याची फाइल दुरुस्तीला आली. दुरुस्तीला नव्या कामापेक्षा जास्त वेळ लागला.

*

"पूर्वी गावात पैशाची भाषा नव्हती," असं एक निवृत्त शिक्षक प्रुफं वाचताना म्हणाले. खरं आहे. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट, महार वर्षभर राबायचे आणि सुगीला खळ्यावरून धान्य न्यायचे. तेच बलुतं. बलुतेदारांच्या थोरली, मधली, धाकटी अशा कासा, म्हणजे श्रेणी, होत्या आणि त्यांप्रमाणे वाटा कमीजास्त. कोणी भाव करत नव्हतं, कारण कोणाला करताच येत नव्हता. "या वर्षी परवडत नाही, मी येत नाही," असं महाराने पाटलाला म्हणायची सोय नव्हती.

डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाबद्दलचं, म्हणजे वंशपरंपरेने चालत आलेल्या गावकामाबद्दलचं, विधेयक मांडलं. बलुत्याऐवजी ठरलेली रोख रक्कम मिळावी, हा त्यातला एक मुद्दा होता. ते विधेयक तडीस गेलं नाही. कनिष्ठ ग्रामवतनं रद्द करणारा कायदा झाला १९५८ साली.

म्हणून घासाघिशीला सरसकट नावं ठेवणाऱ्यांशी माझं जमत नाही. भाव करता येणं ही माणसाने मिळवलेली गोष्ट आहे. फक्त ती दोघांनाही करता यायला हवी. ज्याच्या घरी आज चूल पेटायची आहे, त्याचं "बरं, द्या" म्हणजे होकार नव्हे.

*

"तुम्ही द्याल ते." शिवणकाम करणाऱ्या एक काकू असं म्हणतात. फॉल-पिकोला, ब्लाउजच्या उसवणीला, सगळ्याला. पैसे मागायची लाज वाटते म्हणतात. मग गिऱ्हाईक देतं ते त्यांना कमी वाटतं, त्या बोलत नाहीत, आणि पुढच्या वेळी ब्लाउज वेळेवर मिळत नाही. गिऱ्हाइकाला वाटतं काकू बेभरवशाच्या. न सांगितलेला भाव असा उशिरातून वसूल होतो.

मी त्यांना दरांचा एक कागद टाइप करून दिला. तो त्यांनी कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवला आहे.

*

सगळ्यात मोठी घासाघीस तोंडाने होत नाही. ती उशिरा पैसे देऊन होते. एका संस्थेच्या अहवालाचं काम होतं, दोनशे दहा पानं. भाव त्यांनीच ठरवलेला. बिल दिल्यावर आठ महिने "साहेब बाहेर आहेत." नवव्या महिन्यात हिशेबनीस म्हणाले, "दहा टक्के सोडा, आज चेक काढतो." मी सोडले. भाव आठ महिन्यांपूर्वी ठरला होता. त्या दिवशी झाली ती नुसती अडवणूक.

कायदा माझ्या बाजूने आहे. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठीचा २००६चा कायदा सांगतो की सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे लेखी ठरलेल्या मुदतीत द्यावेत, आणि ती मुदत ४५ दिवसांहून जास्त असू नये. लेखी काही ठरलं नसेल तर १५ दिवस. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही महिन्याच्या चक्रवाढीने. २०२३च्या वित्त कायद्याने आणखी एक खुंटी मारली. अशा उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर देणाऱ्या व्यवसायाला आयकरासाठी तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी दाखवता येतो.

माझी उद्यम नोंदणी आहे. कलम मला पाठ आहे. तरी तक्रार केली नाही. पुढच्या वर्षीचा अहवालही त्यांचाच असतो.

*

१९८०मध्ये पुण्यात घरकाम करणाऱ्या बायकांनी संप केला. एकेका स्वयंपाकघरात पगारवाढीचा विषय निघाला की त्याला कुरकुर म्हणायचे. सगळ्या जणी रस्त्यावर आल्या तेव्हा त्याच वाक्याची मागणी झाली. त्यांच्यासाठी कल्याण मंडळाचा कायदा राज्यात आला २००८ साली. खाड्याचे पैसे कापायचे की नाहीत, हे मात्र अजून ओट्यापाशीच ठरतं.

सलूनमध्ये आरशावर संघटनेचं दरपत्रक टांगलेलं असतं. दाढी, कटिंग, डोक्याचा मसाज. त्याने बसल्या बसल्या होणारा वाद टळतो. पण व्यावसायिकांनी एकत्र येऊन दर ठरवणं २००२च्या स्पर्धा कायद्याला सहसा मान्य नाही. कायद्याला त्यात गिऱ्हाइकाचं नुकसान दिसतं, तेही खोटं नाही. गल्लीतल्या एका खुर्चीच्या सलूनला आणि मोठ्या कंपन्यांच्या संगनमताला एकच काटा लावावा का, हे मला अजून सुटलेलं नाही.

*

दुकानाच्या काचेवर शेवटी कागद लावला. पानाचा दर. दोन प्रुफं दरात धरलेली, सहीनंतरच्या दुरुस्तीचे वेगळे पैसे. निम्मे आधी, उरलेले फाइल नेताना. शाळेच्या मुलांना प्रिंट निम्म्या दरात.

एका बाईंनी विचारलं, "मुलांना परवडतं, मग आम्हाला का नाही?" प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, "मुलांना मी देते. तुम्ही मागताय." त्या हसल्या आणि पूर्ण पैसे देऊन गेल्या. पुन्हा आल्या नाहीत, हेही लिहून ठेवते.

*

कागद लावल्यापासून काही गिऱ्हाइकं कमी झाली. भांडणं त्याहून जास्त कमी झाली. मामांच्या ओळीसारखी ओळ आता येते तेव्हा गिऱ्हाईकच आधी काचेकडे बघतं.

*

परवा बाथरूमच्या नळासाठी तोच प्लंबर आला. दारातच विचारलं, "किती होतील?" "बघून सांगतो." नळ बघून म्हणाला, "तीनशे, वॉशर धरून. आतलं स्पिंडल गेलं असेल तर त्याचे वेगळे, ते दाखवून सांगेन." मी म्हटलं, "अडीचशे?" तो म्हणाला, "नाही परवडत." मी म्हटलं, "करा."

निघताना तीनशे दिले आणि मागचे राहिलेले पन्नास. त्याने ते पन्नास परत पुढे केले, "जास्त आलेत." मागच्या वेळचे म्हटल्यावर जरा थांबला आणि घेतले.

तुमच्याकडेही कोणी ना कोणी येत असेल. सुतार, पेंटर, एसीवाला, मेंदीवाली. भाव जरूर करा, त्यात पाप नाही. पण पान्हा पिशवीत असेपर्यंत करा. तो बाहेर निघाला की बोलायचं राहिलं नाही. काम बघा, आणि ठरलेले पैसे त्याच दिवशी द्या.