वहिवाट

मराठीतल्या महानगरी साहित्याची काही शीर्षकं आठवून पाहावीत. 'बटाट्याची चाळ', 'वासूनाका', 'गोलपिठा'. ही सारी मुक्कामाची ठिकाणं आहेत. तिथे माणसं राहतात, उभी असतात, अडकून पडतात. युरोपीय साहित्याने मात्र शहरात पायी हिंडणाऱ्यालाच नायक केलं. बोदलेअरच्या पॅरिसमधला आणि पुढे वाल्टर बेन्यामिनच्या चिंतनाचा विषय झालेला तो फ्लानर आपण वर्गात शिकवतो. त्याच्या भटकण्याला एक मूलभूत अट असते : गर्दीत त्याला कोणी ओळखता कामा नये.

मी जिथे राहते त्या मनोरीत ही अट पाळणं निव्वळ अशक्य आहे. मालाडहून मार्वेपर्यंत बस, मग खाडी ओलांडायला फेरीबोट, आणि पलीकडे उतरल्यावर गाव. मुख्य रस्त्यावर बस, रिक्षा, मोटारी असं सगळं आहे. पण गावठाणात शिरलं की गल्ल्या अशा, की समोरून कोणी आलं तर एकाने खांदा वळवून वाट द्यावी लागते. मीठ, दूध, औषध, वाणी, मासळी, देऊळ, चर्च सारं पायी गाठता येतं. वलांडीवर बोंबील वाळत असतात, ओट्यावर कोणीतरी जवळा निवडत बसलेलं असतं, आणि मी कॉलेजातून परतताना किमान चार जणांना उत्तर देते. "बाई, आज उशीर झाला?" "सुट्टी कधी लागते, बाई?" दोन दशकं रोज हीच वाट.

अशा वस्त्या आता जगभर मुद्दाम आखून बांधल्या जातात. इंग्लंडमध्ये डॉर्चेस्टरजवळ पाउंडबरी नावाची वसाहत लिओन क्रिअर या वास्तुविशारदाच्या आराखड्यावरून १९९३ पासून उभी राहू लागली. वाकड्या गल्ल्या, घराला लागून दुकान, पायी पोचता येईल असा चौक, हे सारं तिथे आधी कागदावर उतरलं आणि मग जमिनीवर. गावठाणाची आखणी अशी कोणी केलेली नसते. एकाने घर बांधलं, दुसऱ्याने विहिरीकडे जायला जागा मागितली, तिसऱ्याने ओटा थोडा आत घेतला. गल्ली म्हणजे या देवाणघेवाणीतून उरलेली जागा. साष्टीतल्या गावांवर पोर्तुगीज आले, १७३७ ते १७३९ या काळात मराठे आले, पुढे इंग्रज आले. मुंबईच्या गावठाणांतून जागोजाग दिसणाऱ्या क्रुसांपैकी बरेच १८९६ च्या प्लेगच्या सुमाराला उभे राहिले. पण क्रुसाला, विहिरीला, ओट्याला वळसा घालत माणसं चालत राहिली, आणि त्या वळशांनीच वाट घडवली.

या प्रक्रियेला मराठीत फार नेमका शब्द आहे, वहिवाट. त्याचा अर्थ रूढीही आहे आणि वापरातून मिळालेला हक्कही. १८८२ चा सुविधाधिकारांविषयीचा कायदा सांगतो, की दुसऱ्याच्या जमिनीवरून एखादा माणूस शांतपणे, उघडपणे, हक्क म्हणून आणि खंड न पडता वीस वर्षं जात-येत राहिला, तर ती वाट त्याच्या हक्काची होते. यातली मेख 'हक्क म्हणून' या दोन शब्दांत आहे. परवानगी घेऊन चाललेली वर्षं यात धरली जात नाहीत. मालकाने "जा की" म्हटलं, की जाणाऱ्याचा हक्क तयार होणं तिथेच थांबतं.

मला हे कळलं तेव्हा हसू आलं, कारण गावठाणात सारेजण अखंड परवानगी मागत आणि देत असतात. शेजारच्या मावशींच्या अंगणातून मी रोज जाते. "जाऊ का हो मावशी?" असं विचारायची माझी सवय अजून सुटलेली नाही, आणि "विचारतेस काय, बाय?" हे त्यांचं उत्तरही बदललेलं नाही. कायद्याच्या दृष्टीने आम्ही दोघी मिळून माझा हक्क रोज पुसतो आहोत. पण त्या पुसण्यामुळेच ती जागा एकाच वेळी त्यांचं अंगण राहते आणि माझी वाटही. ईस्ट इंडियन लग्नात आदल्या संध्याकाळी उंबराचं पाणी आणतात, वाजतगाजत विहिरीवर जाऊन. त्या वेळी विहीर कोणाच्या आवारात आहे असा प्रश्न कोणी काढत नाही. विचारणं ही इथे औपचारिकता नव्हे. रस्त्याची डागडुजी म्हणतात ती हीच.

इतपत लिहून थांबले, तर हा एक गोड स्मरणरंजनाचा लेख होईल. पण या व्यवस्थेची किंमत आमच्या घराने मोजली आहे. माझी मुलगी एकोणिसाव्या वर्षी खाडीपलीकडे भाड्याच्या खोलीत राहायला गेली. जाताना तिने सांगितलेलं कारण मला खोडून काढता आलं नाही. "तुला जे विचारणं वाटतं, तो मला जकातनाका वाटतो," ती म्हणाली. बोटीतून ती कोणाबरोबर उतरली, हे ती घरी पोचण्याआधी मला कळलेलं असे. जेन जेकब्सने १९६१ मध्ये रस्त्यावर लक्ष ठेवणाऱ्या डोळ्यांचं कौतुक केलं. ते डोळे सुरक्षितता देतात हे खरं, पण तरुण मुलीकडून ते हिशेबही मागतात. तिला फ्लानरचं स्वातंत्र्य हवं होतं, आणि ते मालाडच्या गर्दीत होतं.

दुसरी किंमत रात्रीची. गेल्या पावसाळ्यात शेजारच्या आजोबांच्या छातीत कळ आली तेव्हा शेवटची बोट गेलेली होती. गोराई, उत्तन, भाईंदर असा मोठा वळसा घालून त्यांना न्यावं लागलं. ते वाचले. पण त्या प्रवासात पुढच्या सीटवर बसून मला चालण्यायोग्य वस्तीचं तत्त्वज्ञान सुचलं नाही.

मार्वे-मनोरी पुलाचा विषय निघाला, की गावात दोन तट पडतात. मला वाटतं, खाडी ही आमची भिंत आहे असं मानणाऱ्यांनी त्या रात्रीचा वळसा आठवावा. पूल व्हावा. मात्र पुलाबरोबर जो रुंद रस्ता येईल त्याने गावठाणाच्या तोंडाशी थांबावं, मोटारींनी तिथेच उभं राहावं. कारण रुंद रस्त्यावर कोणालाच काही विचारावं लागत नाही, आणि जिथे विचारावं लागत नाही तिथे अंगण आणि वाट यांच्यामध्ये कुंपण उभं राहायला वेळ लागत नाही.

आणि मुलीच्या आक्षेपाचं काय? त्याला पूल उत्तर देणार नाही, ते आम्हालाच द्यावं लागेल. ती रविवारी येते. मावशींच्या अंगणातून येताना "कुठून आलीस गं?" या प्रश्नावर अलीकडे ती नुसती हसते, काही सांगत नाही. परवा मावशी म्हणाल्या, "नको सांगूस. जेवून जा." उत्तर न देताही जाता येणं, ही वहिवाट अजून नवी आहे. ती रूळायला वीस वर्षं लागू नयेत.