जोत्याखालचं काम

दुबईत गेली २२ वर्षं मी टेंडरसाठी बीओक्यू, म्हणजे कामांची मापांसकट यादी, तयार करतो. रत्नागिरीचं घर नव्यानं बांधायचं ठरलं तेव्हा तशीच यादी करून तिघांकडून दर मागवले. एकाचा आकडा फारच कमी. असा आकडा दिसला की आधी काय सुटलंय ते बघायचं. जोत्याखालचं बांधकाम त्यात नव्हतंच, कारण माझ्याच यादीत ते नव्हतं! बाकी दोघांनी न विचारता धरलं होतं. इथे शंका लेखी येतात, उत्तर सगळ्यांना जातं. तिथे तो कंत्राटदार बाबांकडे चहाला आला आणि बाबांनी शब्द देऊन टाकला. पायाच्या जांभ्याचे पैसे मी गुपचूप वेगळे पाठवले. बाबा अजून सगळ्यांना सांगतात, किती स्वस्तात झालं म्हणून.