पुन्हां पाटी-पेन्सिल

मनुष्य एकदां नोकरीस लागला, त्याच्या डोक्यावरचे केस पिकूं लागले आणि हाताखालचीं माणसें त्यास 'साहेब' म्हणूं लागलीं, म्हणजे आपलें शिकणें संपलें असें तो समजून चालतो. आम्हीही तसेंच समजत होतों. साखर कारखान्याच्या शेतकी खात्यांत तीस वर्षें ऊस पाहिल्यावर उसासंबंधीं आम्हांस कोणी कांहीं शिकवावें, ही कल्पनाही आमच्या मनास कधीं शिवली नव्हती. अशा स्थितींत पावसाळ्याच्या तोंडावर एके दिवशीं टेबलावर परिपत्रक आलें, कीं खात्यांतील सर्वांनीं, गटाधिकाऱ्यांपासून चिटबॉयपर्यंत, ड्रोन व कृत्रिम बुद्धिमत्ता या विषयांच्या बारा दिवसांच्या प्रशिक्षणास हजर राहावें. वयाची सवलत नाहीं.

सांगलीच्या गांवभागांतील आमच्या घरांत कोणतीही बातमी एकट्याची राहत नाहीं. रात्रीच्या पंगतीस ती सर्वांस कळली. पुतण्या गालांत हसला, वहिनींनीं कपाटांतून एक कोरी वही काढून दिली, आणि 86 वर्षांच्या आमच्या मातोश्रींनीं विचारलें, "परीक्षा आहे का रे? नापास झालास तर घरीं सांगायला लाजूं नकोस हो!" सगळे हंसले, आम्हीही हंसलों. पण अंथरुणावर पडल्यावर तोच प्रश्न निराळ्या रूपानें पुढें उभा राहिला. 2019 च्या ऑगस्टांत आयर्विन पुलापाशीं कृष्णेचें पाणी 57 फुटांवर चढलें, तेव्हां आमच्या घराचा तळमजला पाण्यांत होता. त्या दुरुस्तीचें कर्ज अद्याप फिटलेलें नाहीं. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षीं 'हा मनुष्य आतां उपयोगाचा नाहीं' असें ठरलें तर काय करावें?

हा प्रश्न आमच्या एकट्याचा नव्हता. आमच्या गटांत एक वयस्क चिटबॉय आहेत. सर्वजण त्यांस अण्णा म्हणतात. शिवारांतील प्रत्येक बांध त्यांच्या पायाखालचा. वर्गाच्या पायरीवर ते आम्हांस हळूच म्हणाले, "साहेब, यंत्र वरनं रान मोजणार, मग आम्ही खालनं काय करायचं?" आम्हांस उत्तर सुचलें नाहीं.

शिकविण्यास आलेल्या बाई आमच्या मुलीच्या वयाच्या. पहिल्या दिवशीं त्यांनीं कायदा सांगितला. 2021 च्या ऑगस्टांत केंद्र सरकारनें ड्रोनविषयक नियम केले. त्यांत 250 ग्रॅमपर्यंतचें यंत्र अगदीं लहान, आणि 150 किलोंच्या वरचें सर्वांत मोठें, अशा पांच प्रती आहेत. फवारणीसारख्या कामाचें यंत्र चालविण्यास मान्यताप्राप्त संस्थेंतून प्रमाणपत्र घ्यावें लागतें. बारा दिवसांचा वर्ग करून आपण वैमानिक होणार नाहीं, हें ऐकून आम्हांस हायसें वाटलें! पुढें त्यांनीं सांगितलें, कीं 2023 च्या नोव्हेंबरांत 15,000 महिला बचत गटांस असें यंत्र देण्याची योजना मंजूर झाली, आणि तींत निवडलेल्या स्त्रियांसाठीं पंधरा दिवसांचें शिक्षण ठेविलें आहे. शेतांत राबणाऱ्या बायका जें शिकतात, त्यास आम्हीं भ्यावें, याची थोडी लाज वाटली.

हळूहळू गोडी लागली. आडसाली ऊस पुरुषभर वाढला, कीं त्यांत माणसास शिरतां येत नाहीं. मध्यभागीं पीक पिवळें पडलें तरी बांधावरून दिसत नाहीं. निरोगी पान तांबडा प्रकाश शोषून घेतें आणि डोळ्यांस न दिसणारा अवरक्त प्रकाश परत फेंकतें. आजारी पानाचें हें प्रमाण बिघडतें. यंत्राचा कॅमेरा वरून नेमकें तेंच टिपतो. तीस वर्षें आम्हीं जें अंदाजानें सांगितलें, तें चित्र होऊन समोर पडद्यावर आलें.

सातव्या दिवशीं मात्र एक मौज झाली. आमच्या शेरेवह्यांतील जुन्या नोंदी संगणकांत भरून, कोणत्या प्लॉटांवर रोग आहे त्याची यादी कृत्रिम बुद्धिमत्तेकडून करवून घ्यावयाची होती. क्षणार्धांत यादी आली. वर कोणतें औषध फवारावें याचा सल्लाही आला. भाषा शुद्ध आणि आत्मविश्वास दांडगा. आम्ही मान डोलावणार, इतक्यांत अण्णा यादीवर बोट ठेवून म्हणाले, "बाई, हा ऊस चांगला आहे. 'लागण जुलैची' म्हणजे जुलैत लावलाय." यंत्रानें 'लागण' या शब्दाचा अर्थ रोगाची लागण असा घेतला होता! यादी तशीच पुढें गेली असती, तर निरोगी उसावर औषध पडून त्याचा खर्च शेतकऱ्याच्या माथीं बसला असता. बाई शहरांत वाढलेल्या. त्यांसही हा अर्थ ठाऊक नव्हता. त्यांनीं तो मोकळेपणानें कबूल केला आणि यंत्र कसें चुकतें तें समजाविलें. अफाट लिखाण वाचून कोणत्या शब्दाशेजारीं कोणता शब्द येतो याची संगति तें बसवितें; शिवारांत तें कधीं गेलेलें नसतें. मग त्यांनीं खडू अण्णांच्या हातीं दिला. सरी, बेणें, खोडवा, निडवा असे शब्द त्या दुपारीं फळ्यावर चढले, आणि अण्णा मास्तर झाले.

आमच्या अनुभवाचा हा जय पाहून आम्ही थोडे फुगलों, हें खरें. तो फुगा दहाव्या दिवशीं फुटला. सरावासाठीं एका शेतावर ड्रोन फिरविला. आमच्या नोंदवहींत त्या उसाचें क्षेत्र दोन एकर. नकाशांत निघालें एक एकर अठ्ठावीस गुंठे. बारा गुंठ्यांचा फरक! कोणी म्हणालें, "यंत्र चुकलें असेल." 'लागण' प्रकरण ताजें होतें; तें सर्वांस पटलेंही असतें. परंतु आम्हांस तो दिवस आठवला. पाऊस कोसळत होता. आम्ही बांधावर छत्री धरून उभे होतों, आणि मालकानें तोंडीं सांगितलेला आंकडा लिहून मोकळे झालों होतों. क्षणभर जीभ अडखळली. मग आम्हीं म्हटलें, "यंत्र बरोबर आहे. सही आमची आहे." वर्ग स्तब्ध झाला. खरी परीक्षा त्या क्षणींच झाली असें आम्ही मानतों.

परततांना सारखी किर्लोस्करवाडी आठवत होती. 1910 सालीं औंध संस्थानांतल्या उजाड माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं कारखाना उभारला; त्याच्याही आधीं त्यांनीं लोखंडी नांगर काढला होता. तेव्हां लोखंडानें जमिनींत विष कालवेल म्हणून शेतकरी तो घेईनात. आज ती समजूत ऐकून आपण हंसतों. परंतु त्या शेतकऱ्यास हंसण्यापूर्वीं एवढें ध्यानांत घ्यावें, कीं नवीन अवजाराची किंमत नेहमीं ज्याचें पोट हातावर असतें त्यालाच प्रथम मोजावी लागते. अण्णांच्या प्रश्नाचें उत्तर परिपत्रकांत नव्हतें; बाईंजवळही नव्हतें, आणि तसें त्यांनीं स्पष्ट सांगितलें. जे नोकरांस नवी विद्या शिकवितात, त्यांनीं त्या विद्येनंतर नोकरांचें स्थान काय, हेंही सांगावें, असें आम्हांस वाटतें. आम्हीं तसा अर्ज लिहिला आहे, आणि त्याखालीं अण्णांच्या सहीजवळ आमचीही सही केली आहे.

शेवटच्या दिवशीं परीक्षा झाली. घरीं येतांच मातोश्रींनीं विचारलें, "किती?"

"शंभरांत एकसष्ट."

"आणि त्या अण्णांना?"

"अडुसष्ट."

"मग त्यांची वही उतरून घे," असें म्हणून त्यांनीं जपमाळ पुन्हां हातीं घेतली.