प्लातानांची सावली

कार्कासोनहून बोट पूर्वेला निघाली की थोड्याच वेळात व्हिलदुबेर लागतं. लहानसं गाव. याच्याजवळ 2006 साली दक्षिण फ्रान्समधल्या कनाल द्यु मिदी या कालव्याच्या काठावरचं पहिलं आजारी झाड सापडलं, आणि तेव्हा सुरू झालेली तोड अजून थांबलेली नाही. 42,000 प्लातान होते या कालव्याच्या काठांवर. निम्म्याहून जास्त गेले. भर दुपारी इथून जाताना बोटीच्या कठड्याला हात लावता येत नाही, इतका तो तापतो. दोन्ही काठ उघडे. ओळीने लावलेली कोवळी रोपं, प्रत्येकाला काठीचा आधार, आणि प्रत्येकाची वीतभर सावली.

प्लातान म्हणजे काश्मीरच्या चिनाराचा अगदी जवळचा नातलग. चिनार आणि त्याचा अमेरिकेतला भाऊबंद यांच्या संकरातून तो झाला. चिनाराखाली जो कधी बसला असेल, त्याला इथे काय गेलं हे वेगळं सांगायला नको.

बोटीला ताशी आठ किलोमीटरची मर्यादा आहे. काठावरचे सायकलवाले सहज पुढे निघून जातात. या गतीला डोळे सरावले की हा कालवा माणसांनी खणलेला आहे, हे विसरायलाच होतं. तुलूझपासून भूमध्य समुद्राकाठच्या ‘तो’ नावाच्या सरोवरापर्यंत 240 किलोमीटर. 1666 साली पियेर-पॉल रिके या मिठावरचा कर गोळा करणाऱ्या माणसाने हे काम अंगावर घेतलं. काळ्या डोंगरातले ओढे अडवून त्याने सॅं-फेरेओलचा तलाव भरला आणि ते पाणी नोरूझच्या खिंडीपर्यंत आणलं. तिथून ते दोन वाटांनी उतरतं, एक अटलांटिककडे, दुसरी भूमध्याकडे. एका वेळी 12,000 पर्यंत माणसं राबली. माती वाहायला बायकाही होत्या. रिकेने स्वतःची दौलत यात ओतली, कर्ज काढलं, आणि ऑक्टोबर 1680 मध्ये तो गेला. कालवा खुला झाला मे 1681 मध्ये.

त्याचा हात बघायचा असेल तर लॉकमध्ये, म्हणजे बोट वरच्या पाण्यातून खालच्या पाण्यात उतरवणाऱ्या दगडी हौदात, बघावा. मागची फाटकं बंद होतात, पुढच्या फाटकातल्या झडपा उघडतात आणि बोट भिंतींच्या आत खाली खाली जाऊ लागते. हातातला दोर हळूहळू सैल सोडत राहायचा. क्षणापूर्वी पाण्याखाली असलेले दगड समोर येतात, काळे, शेवाळलेले, सांध्यांतून पाणी ठिबकणारे. या भिंती सरळ नाहीत; मधोमध फुगून लॉकला लांबट अंड्याचा आकार आला आहे. सरळ भिंत मातीच्या रेट्याने ढासळली, तेव्हा रिकेने कमान आडवी घातली. साडेतीनशे वर्षं ती मातीला पाठ लावून उभी आहे.

झाडं मात्र रिकेची नव्हेत. त्याच्यामागून काठांवर विलो आले, पॉप्लर आले, रेशमासाठी तुतीही लावली गेली. प्लातानांच्या रांगा लागल्या त्या एकोणिसाव्या शतकात. नावा ओढणाऱ्या घोड्यांना आणि त्यांच्या मागे चालणाऱ्या माणसांना सावली हवी होती, मुळांनी काठ धरून ठेवायला हवे होते, उन्हाने पाणी आटायला नको होतं. पण झाडं वाढत होती तोवर, 1857 मध्ये, बोर्दो ते सेत आगगाडी धावू लागली. पुढच्याच वर्षी कालवा त्या रेल्वे कंपनीलाच चाळीस वर्षांच्या कराराने दिला गेला. माल गाडीकडे वळला, घोडे गेले, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मालाच्या नावाही बंद पडल्या. ज्यांच्यासाठी ती सावली लावली, ते निघून गेल्यावर ती खरी भरली. तिच्यात हिंडलो आपण, सुट्टीवर आलेले लोक. या वारशासाठी आपण काहीही केलं नव्हतं.

मग रोग आला. त्याचं मूळ मात्र जुनं: दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याबरोबर दारूगोळ्याची लाकडी खोकी दक्षिण फ्रान्समध्ये उतरली. त्या लाकडात एक बुरशी होती. ती झाडाच्या रसवाहिन्या बुजवते, आणि काही वर्षांत झाड वाळून जातं. औषध नाही. ती जखमेतून शिरते, मग ती जखम खोडाला आवळलेल्या बोटीच्या दोराची असो, की काठाला घासत जाणाऱ्या बोटीने सोललेल्या मुळाची. पुढे पाणीच तिला गावोगाव नेतं. म्हणजे या मरणात आपल्या या संथ, निरुपद्रवी दिसणाऱ्या बोटींचाही हात आहे. आणि मला सगळ्यात जास्त लागतं ते असं, की शेजारशेजारच्या प्लातानांची मुळं जमिनीखाली एकमेकांत जुळून एक होतात. शंभर-दीडशे वर्षांच्या त्या सोबतीतूनच रोग एका झाडातून दुसऱ्यात जातो. म्हणून आजाऱ्याबरोबर त्याचे धडधाकट शेजारीही तोडावे लागतात, आणि लाकूड जाळून टाकावं लागतं.

नवी लागवड शहाणपणाने चालली आहे. तुर्की ओक जास्त, त्याच्या जोडीला लिंडन, पांढरा पॉप्लर, पाइन. पुन्हा एकाच रोगाने सगळं जाऊ नये म्हणून. हे चांगलंच आहे, आणि करणाऱ्यांविषयी मला आदर आहे. पण ओक भरायला दोन पिढ्या लागतील, आणि तोवर प्लातान आठवणारं कोणी उरणार नाही. 1787 च्या मे महिन्यात, पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेला थॉमस जेफरसन या पाण्यावरून गेला. आपल्या बग्गीची चाकं काढून ती त्याने नावेवर चढवली होती, आणि दोन्ही काठांवर गाणाऱ्या नाइटिंगेलांविषयी लेकीला आनंदाने लिहिलं होतं. तेव्हा प्लातानांच्या रांगा लागायच्या होत्या. त्याला त्यांची उणीव कशी भासावी? उद्या ओकांखालून जाणाऱ्यांनाही भासणार नाही. मला हेच सोसवत नाही. म्हणून, मधूनच एखादी जुनी रांग अजून लागते, तिच्याविषयी लिहून ठेवते आहे.

उन्हातून बोट एकदम आत शिरते. दिपलेल्या डोळ्यांना आधी काहीच दिसत नाही, मग एकेक खोड उमटू लागतं. साल पापुद्र्यांनी सुटलेली, तिच्याखाली पिवळट, राखी, हिरवट ठिगळं. काठाशी पाण्यात मुळांचे तांबूस झुपके. फांद्या दोन्हीकडून येऊन वर मधोमध गुंतलेल्या. त्यांतून जे ऊन खाली पडतं ते पाण्यावरून उलटं वर जातं आणि पानांच्या पोटांवर थरथरत राहतं, त्यामुळे उजेड खालून आल्यासारखा वाटतो. वाऱ्याला दमट पालापाचोळ्याचा वास. सुकाणूवरचा माणूस टोपी काढून बाजूला ठेवतो, मुलं केबिनमधून बाहेर धावतात, आणि कोणीतरी टरबूज कापायला घेतं.