धनुष्याच्या गावी

धनुष्य म्हटले, की आपल्या डोळ्यांपुढे गांडीव उभे राहते, नाही तर जनकाच्या सभेतले शिवधनुष्य. ते घडविले कसे, हा प्रश्न मराठीच्या प्राध्यापकालाही पडत नाही. मला तो पडला दक्षिण जपानातल्या मियाकोनोजोत.

धाकटा भाऊ फुकुओकाला इंजिनिअर आहे. त्यानेच मला बुलेट ट्रेनने कागोशिमाला आणि तिथून साध्या गाडीने या गावी नेले. जपानातली बांबूची धनुष्ये बहुतेक इथलीच. १९९४ साली सरकारने त्यांना पारंपरिक हस्तकलेचा मान दिला.

कारागीर सत्तरीचे होते. आतबाहेर बांबूच्या पट्ट्या, मध्ये बांबूच्या कांबी, त्यांच्या कडांना हाझे झाडाचे लाकूड. हे सारे सरसाने जुळवायचे, वर दोर आवळायचा आणि दोराखाली पाचरी ठोकीत बाक द्यायचा. सरस ओला आहे तोवरच! तयार धनुष्य सुमारे २२१ सेंटिमीटर, माणसाहून उंच; आणि मूठ मध्यावर नव्हे, बरीच खाली.

कोपऱ्यात बँडसॉ होता. हाझेची फळी त्याला लागली, पाते किंचाळले आणि ताज्या भुशाचा वास सुटला. नकळत मी चिमूटभर भुसा उचलून हुंगला.

आमचे अण्णा लाकडाच्या वखारीत बँडसॉवर होते. एका बोटाचे पेर त्या पात्याने नेले. "तू पुस्तकाला हात लाव, याला नको," म्हणत. मी तंतोतंत ऐकले. पुढे कॉलेजात कुणी विचारले, की "वडिलांचा लाकडाचा व्यवसाय होता" असे सांगू लागलो. त्यात खोटे अक्षर नव्हते, खरेही नव्हते.

म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहून काही विचारले. भाऊ म्हणाला, "वडील काय करीत, विचारताहेत."

"सांग, वखारीत कामगार होते. लाकूड कापीत."

भावाने क्षणभर माझ्याकडे पाहिले, मग सांगितले. म्हाताऱ्याने किंचित मान लवविली आणि हातोडा माझ्या हाती दिला. मी चार पाचरी ठोकल्या. तिसरी वाकडी गेली. त्यांनी ती मुकाट्याने काढली आणि पुन्हा माझ्याच हाती ठेवली.

परतताना गाडीत भाऊ बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "दादा, मी सगळीकडे हेच सांगतो. फक्त तू बरोबर असलास, की सांगत नसे."